बॅलन्स रूममधली बाटली

मुलं हसली तेव्हा माझ्या तोंडात घास होता. चपाती आणि वालाची उसळ. अकरावीतली श्रुतिका हातात तो मोबाइलएवढा डबा धरून बॅलन्स रूममध्ये आली आणि डबा टकटकायला लागला. बाहेर लॅबमध्ये तो अधूनमधून एखादा टक करत होता, इथे मात्र त्याचं एकामागून एक सुरू झालं. मुलगी दोन पावलं पुढे आली, माझ्या जेवणाच्या टेबलापर्यंत. आवाज वाढला. माझ्या डोक्यावरच्या कपाटाकडे तिने हात नेला, तेव्हा तर नुसती तडतड. तोवर मागे दारात दहा-पंधरा पोरं गोळा झाली होती, प्रत्येकाच्या हातात फोन. कुणीतरी म्हणालं, "अरे यार, काका रेडिओॲक्टिव्ह आहेत." आणि सगळी हसली. वाईट नव्हती हसली, पोरं हसतात तशी हसली. मला तो घास गिळताही येईना आणि सगळ्यांसमोर थुंकताही येईना. मी तसाच गाल फुगवून बसून राहिलो, वर कपाटाकडे बघत. कपाटात माझी लिंबाच्या लोणच्याची बरणी होती आणि तिला खेटून ती बाटली. किती वर्षं दोघी शेजारी होत्या ते मला आठवेना. मग मी घास गिळला, कारण दुसरं काय करणार.

बॅलन्स रूम म्हणजे वजनं करायची छोटी खोली. तराजू काचेच्या पेट्यांत असतात, त्यांना वारा नको आणि आम्लाची वाफ नको, म्हणून लॅबच्या कोपऱ्यात ही वेगळी खोली काढलेली. मुलुंडच्या या कॉलेजात मी, जयवंत घाडी, अठ्ठावीस वर्षं लॅब अटेंडंट आहे, आणि अठ्ठावीस वर्षं मी तिथेच जेवलो. बाहेर जेवणार कुठे? लॅबमध्ये सडक्या अंड्यांचा वास, स्टाफ रूममध्ये मला खुर्ची नाही. बॅलन्स रूममध्ये पंखासुद्धा नाही, पण जागा स्वच्छ. मी अभिमानाने सांगायचो रत्नप्रभेला, अख्ख्या कॉलेजात माझी जेवणाची जागा सगळ्यात स्वच्छ. रत्नप्रभा माझी बायको. ती म्हणायची, होय, तुमचां सगळांच स्वच्छ.

मधुवंती मॅडम दोन वर्षांपूर्वी लागल्या. वय असेल एकोणतीस-तीस. त्यांचं म्हणणं, मुलांनी हाताने करून शिकलं पाहिजे. आधी किरणोत्साराचा धडा म्हणजे फळ्यावर तीन अक्षरं, अल्फा बीटा गॅमा, आणि खाली चौकटीतलं सूत्र, परीक्षेला येणार, पाठ करा. या मॅडमनी काय केलं, पोरांच्या प्रत्येक गटाला शंभर-शंभर फासे दिले. टाका. ज्यांवर सहा आला ते बाजूला काढा, उरलेले परत टाका. किती उरले ते लिहा. कुठला फासा जाणार ते कुणी सांगू शकत नाही, पण किती जातील ते साधारण सांगता येतं, अणूंचं असंच असतं, म्हणाल्या. मला आवडलं ते. बाकांखाली घरंगळलेले फासे मीच वेचत होतो आणि वेचता वेचता ऐकत होतो. मग त्यांनी मैत्रिणीकडून आणलेला, किरणोत्सार मोजायचा तो डबा काढला. केळं मोजलं, बाजारातलं कमी सोडियमचं मीठ मोजलं. गॅसबत्तीची जुनी मेंटलं, ज्योतीवर बांधतात त्या जाळ्या, हवी होती, ती मीच गावच्या घरातून आणून दिली होती, जत्रेच्या वेळची, माळ्यावर पडलेली. मेंटलजवळ डबा टकटकला तेव्हा मला उगाच बरं वाटलं, आपली वस्तू कामाला आली. मॅडम म्हणाल्या, "आता डबा घेऊन लॅबभर फिरा. किरणोत्सार सगळीकडे असतो, घाबरायचं नाही, फक्त मोजायचं." आणि त्या वेळी मी जेवायला आत गेलो होतो.

मॅडम गर्दीतून वाट काढत आत आल्या. त्यांनी बाटलीला हात लावला नाही, मान वाकडी करून लेबल वाचलं. पिवळी पूड, जाड तपकिरी काच, काळं फिरकीचं झाकण. लेबलवरची अक्षरं अर्धी पुसलेली, पण युरेनिल एवढं वाचता येत होतं, म्हणजे युरेनियमचंच मीठ. सोडियम ओळखायच्या परीक्षेला पूर्वी वापरायचे, माझ्या आधीच्या धोंडिरामच्या काळात. मॅडमचा चेहरा बदलला तो मी पाहिला. आधी उत्साह होता, मग तो गेला आणि त्याच्या जागी गोड आवाज आला. "काका, तुम्ही हे इथे कधीपासून ठेवलंय?" मी ठेवलंय. माझ्या काकाने आणलं होतं काय ते? लॅबच्या मालकीची बाटली, लॅबचं कपाट, मागवणारे कुणी प्रोफेसर कधीच वर गेलेले, आणि ठेवलंय कुणी तर मी. पण पोरांसमोर काय बोलणार. म्हटलं, "माझ्या आधीपासून आहे, मॅडम." त्या मुलांकडे वळल्या आणि समजावलं, बंद बाटलीचा तसा धोका नाही, पूड नाकातोंडात जाता कामा नये, मूत्रपिंडाला वाईट, अशा वस्तू कुलपात ठेवतात आणि सरकारला कळवून सोपवतात. मग मला हळू म्हणाल्या, "काका, हात धुऊन घ्या हं. आणि ते लोणचं खाऊ नका." माझी बरणी त्यांनी कागदाने धरून उचलली, दोन बोटांत. मेलेला उंदीर धरतात ना, तशी. ती बोटं बघून मला पहिल्यांदा शिसारी आली, आणि ती लोणच्याची नव्हती, स्वतःचीच होती.

हात धुतले. पुन्हा धुतले. लॅबच्या सिंकवर उभा राहून मी हात धूत होतो आणि पाणी खाली जाळीतून जात होतं, आणि मला एकदम आठवलं की बाटल्या दोन होत्या. एकसारख्या. दुसरीचं लेबल पार गेलं होतं. करोनाच्या आदल्या वर्षी कॉलेजची तपासणी होती. आता प्रिन्सिपल असलेल्या कुंदा सबनीस मॅडम तेव्हा रसायनशास्त्राच्या हेड होत्या. त्या कपाटासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जयवंत, लेबल नसलेलं काहीही दिसता कामा नये. शेल्फ कसे लख्ख हवेत." मी म्हटलं, टाकू कुठे? त्या म्हणाल्या, "कुठे म्हणजे? नेहमीसारखं." नेहमीसारखं म्हणजे पातळ असेल ते सिंकमध्ये, कोरडं असेल ते गेटच्या ड्रममध्ये. अठ्ठावीस वर्षं मी नेहमीसारखंच करत आलो. क्रोमेट, शिसं, पारा सुद्धा, फुटलेल्या थर्मामीटरचा, मी सुपलीत घेऊन टाकलाय. माझे सिंक बघायला दुसऱ्या कॉलेजचे अटेंडंट यायचे. परीक्षेला बाहेरून आलेले सर म्हणायचे, लॅब असावी तर अशी, आणि मी मान खाली घालून हसायचो. त्या दिवशी मी ती दुसरी बाटली बाकीच्या भंगाराबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळली आणि गेटजवळच्या ड्रममध्ये नेऊन ठेवली. झाकण सैल होतं. बोटांना पिवळं लागलं होतं ते मी पॅन्टला पुसलं. मग वर येऊन जेवलो.

आमच्या गेटवरचा कचरा महापालिकेची गाडी उचलते आणि कांजूरला नेऊन टाकते. मी कांजूरमार्गला राहतो. हे दोन्ही मला माहीत होतं. वेगवेगळं माहीत होतं. पूर्वी मुलुंडचा कचरा मुलुंडलाच पडायचा, ते बंद झालं तेव्हा इथले लोक खूश झाले, पेपरात आलं होतं, आणि मीही लॅबमध्ये म्हटलं होतं, बरं झालं, वास गेला. वास कुठे जातो? तो माझ्या घरी आला. सातव्या मजल्यावर आमची खोली, पुनर्वसनात मिळालेली, खिडकी पूर्वेला. संध्याकाळी वारा फिरला की आंबूस, गोडसर, कुजलेल्या फणसाच्या चारखंडासारखा, गरे काढून उरतं त्यासारखा वास घरात शिरतो आणि पडद्यांत बसतो. रत्नप्रभा कापूर जाळते. मग कापराचा आणि कचऱ्याचा मिळून तिसराच एक वास होतो, तो तर त्याहून घाण. आमच्याकडे पाहुणे जेवायला येत नाहीत. माझी बहीण आली होती एकदा, वाकोल्याची, दोन घास खाऊन उठली आणि म्हणाली, पित्त झालंय रे. पित्त कसलं, मला काय कळत नाही? मी त्या वासाला रोज शिव्या घालत होतो. सोसायटीच्या अर्जावर पहिली सही माझी. आणि सहा वर्षं मी स्वतःच तिकडे पाठवत होतो, गुंडाळून, नीट बांधून.

त्या संध्याकाळी मी बसमधून उतरलो आणि घरी गेलो तर वास आलेलाच होता. रत्नप्रभेने सोलकढी केली होती. नारळाचं दूध काढून झालं होतं आणि तिने ओट्यावरून आगळाची बाटली उचलली, कोकमाचं आगळ, तिच्या वहिनीने गावाहून पाठवलेलं. मी बाटलीकडे बघत राहिलो. जाड काचेची, घट्ट बसणाऱ्या काचेच्या बुचाची. मीच आणलेली, लॅबमधून. आम्ही सगळे अटेंडंट आणतो. रसायन संपलं की बाटली फेकायची कशाला, इतकी चांगली काच बाजारात मिळत नाही. खसाखसा धुवायची, उन्हात ठेवायची. आमच्या घरात अशा पाच आहेत. आगळाची, गोडेतेलाची, एकीत तिखट, एकीत मीठ, एक रिकामी. धुताना कशाची होती ते बघितलं होतं का मी? काही बघितलं असेल. नायट्रिकची असली तर आठवतं, पिवळट डाग जात नाही. बाकीच्यांचं नाही आठवत. आमच्या मुलीला लहानपणी मी त्याच बाटलीतलं आगळ पाण्यात घालून दिलंय, पित्ताला. मुलगी आता बोरिवलीला नांदते, तब्येतीने बरी आहे, हे मी मनात दोनदा म्हटलं. मी उठलो, रत्नप्रभेच्या हातातून बाटली घेतली आणि मोरीत उलटी केली. लालभडक आगळ भळभळ गेलं.

"ह्या काय केल्यात?" रत्नप्रभा म्हणाली. ती ओरडली नाही, तेच वाईट. "वयनीन हातान कोकमां फोडून केल्लां ता."

"बाटली खराब होती."

"वीस वर्षां खराब नव्हती ती?"

मी म्हटलं, होती, तेव्हाही होती. मग तिला सगळं सांगितलं, डबा, तडतड, लोणच्याची बरणी, ड्रममध्ये टाकलेली दुसरी बाटली. ती पदराला हात पुसत ऐकत राहिली. मग तिने उरलेल्या चारही बाटल्या काढून जमिनीवर ओळीने ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघत पाटावर बसली. "माका कित्या आणून दिल्यात ह्यो?" एवढंच म्हणाली. खिडकीकडे बघितलं तर त्या कचऱ्याच्या डोंगरावर दिवे लागले होते, मशीन चालू होतं. तिथे कुठेतरी ती बाटली, फुटलेली, पिवळी पूड पसरलेली, वरून डायपर, नासलेली भाजी, कोंबडीची पिसं, असं सगळं मला दिसत होतं. आमच्या नाकात जातंय ते नेमकं काय, असं मी इतक्या वर्षांत कधी मनाशी विचारलं नव्हतं. गिरणीत माझा बाप होता, खोकला की कापसाचे धागे यायचे. तो मला म्हणाला होता, तू कॉलेजात लाग, तिथली हवा चांगली. त्या रात्री आम्ही दोघं न जेवताच झोपलो.

सकाळी प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. सबनीस मॅडम खुर्चीत आणि मधुवंती मॅडम बाजूला, हातात फोन, चेहरा उतरलेला. कुणा पोराने व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. रात्रीत वाट लागली होती. माझी मुलगी या कॉलेजात किरणोत्सारात बसते का, अमुक तमुक, शंभर मेसेज. "बसा, जयवंत," सबनीस मॅडम म्हणाल्या. अठ्ठावीस वर्षांत त्या केबिनमध्ये मी पहिल्यांदा बसलो. त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. मी, खाली सही करणार, असं असं, प्रयोगशाळा परिचर, लिहून देतो की सदर प्रयोगशाळेत कोणताही किरणोत्सारी पदार्थ नाही व माझ्या कार्यकाळात कधीही नव्हता. "चाव्या तुमच्याकडे असतात, तेव्हा तुमच्याच सहीला अर्थ आहे," त्या म्हणाल्या. "व्हिडिओतली टकटक त्या गॅसबत्तीच्या मेंटलची होती, असं आम्ही पालकांना कळवतोय."

"आणि बाटली, मॅडम?"

"कुठली बाटली?" त्या हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "दुपारच्या आत नसेल ती. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही जाणता. नेहमीसारखं."

मी मधुवंती मॅडमकडे बघितलं. काल याच मॅडम पोरांना म्हणाल्या होत्या की सरकारला कळवून सोपवतात. त्या फोनच्या कव्हरची कड नखाने उचकटत होत्या. सबनीस मॅडमनी ड्रॉवरमधून माझी पेन्शनची फाइल काढून टेबलावर ठेवली. उघडली नाही, नुसती ठेवली. "तुमचे चौदा महिने राहिले ना? कागद वेळेत गेलेले बरे. नाहीतर चौकशी लागली की सगळं अडकतं, आणि चौकशी लागली तर पहिला प्रश्न येणार की बाटलीशेजारी लोणचं कुणी ठेवलं." आवाज मऊ होता. एखादा माणूस शिव्या देतो तेव्हा बरं असतं, आपल्यालाही देता येतात. मी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हटलं, बघतो.

बघतो काय, मी टाकायलाच निघालो होतो. हे मला लपवायचं नाही. चौदा महिने, आणि त्यानंतर मरेपर्यंत पेन्शन, रत्नप्रभेच्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि एक बाटली. सगळ्या शहराचा कचरा तिथे जातो, त्यात माझी एक. आधीची एक गेलीच आहे. एकीने जे व्हायचं ते झालं असेल, दोनने वेगळं काय होणार? मी रबरी हातमोजे घातले, बाटली दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातली, वर वर्तमानपत्र, वर सुतळी. लॅबच्या जिन्यावरून उतरताना मी हात लांब धरला होता. वर्गातून आवाज येत होते, फासे पडल्याचे. मॅडम तोच पाठ पुढे घेत होत्या, डब्याशिवाय. इतक्या लवकर फळ्यासमोर उभं राहता येतं माणसाला. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आली ती किळसच, आणि तीसुद्धा माझ्या हातमोज्यांतल्या घामट हातांची जास्त.

गेटजवळ सोनूबाई कचरा वेगळा करत बसल्या होत्या. ओला इकडे, सुका तिकडे. बारा वर्षं त्या ठेकेदाराकडून आमच्या गेटवर आहेत. मानखुर्दला राहतात. हातमोजे त्यांना वर्षातून एकदा मिळतात, फोटो काढतात तेव्हा. त्या उघड्या हातांनी चहाचे कप एकात एक घालत होत्या, नखांत काळं, तळव्याला भेगा. मला बघून त्यांनी हात पुढे केला. "द्या भाऊ, मी टाकते." मी पिशवी मागे घेतली. का घेतली, ते सांगता यायचं नाही. त्यांच्या हाताची किळस आली असं आधी वाटलं, मग कळलं की त्या हातात हे देण्याची आली.

"बाटली हाय काय?" त्या म्हणाल्या. सुतळी बांधलेल्या आकारावरून त्यांना बरोबर कळलं. "फेकता कशाला? मला द्या की. तुमच्या बाटल्या लय भारी असत्यात. मागं एक टाकलेली तुम्ही, काळ्या झाकणाची, तपकिरी. करोनाच्या आधी. ती अजून हाय माझ्याकडं."

मी म्हटलं, "कुठली?"

"ती हो. पिवळी पूड होती आत. ती नळावर सांडली, घासून घेतली चांगली. हळद ठेवते त्यात. हळदीला लय चांगली, कीड लागत नाही."

मी गेटच्या कट्ट्यावर बसलो. पिशवी मांडीवर. माझ्या डोंगरात ती बाटली नव्हतीच. सहा वर्षं मानखुर्दच्या एका ओट्यावर होती, आणि मी कालपासून ज्याला घाबरत होतो तो माझा वास, माझी खिडकी, माझं नाक. त्या पुढे सांगत होत्या, नळावर सांडली तेव्हा शेजारणीचं पोर नाचलं होतं त्या पिवळ्या पाण्यात, रंगपंचमी म्हणून. त्या सांगताना हसत होत्या. मला त्यांना त्याच क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, "सोनूबाई, इथेच थांबा. जाऊ नका कुठे." आणि बाटली घेऊन परत वर गेलो.

बाटली मी आम्लाच्या लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि चावी खिशात घातली. मग खिशातून तो टाइप केलेला कागद काढला. त्याच्या कोऱ्या पाठीवर लिहायला बसलो, बॅलन्स रूमच्या बाहेर, लॅबच्या टेबलावर. माझं अक्षर वाईट नाही. लिहिलं, की प्रयोगशाळेत युरेनिलच्या दोन बाटल्या होत्या. एक आज कुलपात आहे, ती सरकारला कळवून न्यायला सांगावी. दुसरी मी, जयवंत घाडी, सांगितल्यावरून गेटच्या ड्रममध्ये टाकली. ती सफाई कामगार सोनूबाई यांच्या घरी आहे, त्या तिच्यात हळद ठेवतात. सांगितल्यावरून लिहावं की नाही यावर पेन थांबलं. कुणाच्या सांगण्यावरून ते लिहिलं नाही, पण सांगितल्यावरून एवढं राहू दिलं. खाली सही, तारीख.

प्रिन्सिपलच्या केबिनकडे जाताना वाटेत वर्गाच्या दारात मधुवंती मॅडमना गाठलं. त्यांनी कागद वाचला, दोनदा वाचला. मी म्हटलं, मॅडम, तो डबा घेऊन माझ्याबरोबर मानखुर्दला चला, तिचं घर मोजू. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खरं होतं. "काका, मी अजून पर्मनंट नाहीये," त्या म्हणाल्या. "डबा मी सकाळीच परत केला. मला यात घेऊ नका, प्लीज." मागे पोरं फासे टाकत होती. श्रुतिका दारापर्यंत आली आणि विचारलं, "काका, त्या बाटलीचं काय झालं?" मॅडम तिच्याकडे वळून म्हणाल्या, "जागेवर जाऊन बस." मी मुलीला म्हटलं, "कुलपात आहे. दुसरी एक मी कचऱ्यात टाकली होती, ती एकीच्या घरात आहे." मुलगी हसली नाही. तिने वहीत काहीतरी लिहिलं, उभ्या उभ्या.

सबनीस मॅडमनी कागद वाचला. चष्मा काढला, परत लावला. मला वाटलं होतं त्या पेन्शनचं बोलतील, चौकशीचं बोलतील, कुणाच्या सांगण्यावरून असं विचारतील. त्यांनी विचारलं, "सोनूबाई कोण?"

बारा वर्षं सकाळी यांची गाडी आत शिरते तेव्हा गेट सरकवायला सोनूबाई उठतात, हातातलं टाकून. मी म्हटलं, "तुमच्या गेटवर बसतात, मॅडम." त्या म्हणाल्या, "अच्छा, ती कचरेवाली. मग तिला सांगा ना बाटली टाकून द्यायला. एवढंच ना?" मी कागद टेबलावर ठेवला, दुसरी कॉपी खिशात आहे म्हणालो. नव्हती. त्यांनी माझी फाइल ड्रॉवरमध्ये परत ठेवली आणि ड्रॉवर लावला, हळू, आवाज न करता. मी बाहेर आलो.

खाली सोनूबाई थांबल्या होत्या. कप एकात एक घालून त्यांचा लांब खांब झाला होता. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि सांगितलं. ती पूड काय होती, पोटात गेली तर काय होतं, बाटली धुतली तरी खात्री नाही. हेही सांगितलं की टाकली मीच होती. मॅडम कशा समजावतात तसं समजावायचा प्रयत्न केला, पण मला तेवढं येत नाही, मधे मधे अडखळलो. सोनूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या ना रडल्या, ना चिडल्या. आपल्या हातांकडे मात्र त्यांनी बघितलं, आधी पालथे, मग उताणे. सहा वर्षांची हळद, भाजीत, आमटीत, बाळंत झालेल्या सुनेच्या दुधात, एवढंच मोजत असाव्यात.

"मग आता ती बाटली टाकायची?" त्यांनी विचारलं.

"हो. त्यातली हळदही."

त्यांनी आजूबाजूला बघितलं. ओल्याचा ड्रम, सुक्याचा ड्रम, भिंतीकडेचं गटार.

"कुठं टाकू, भाऊ?"